चर्चची किल्ली कुणाकडे?

प्रिय मावशी,

मी वसई तालुक्यातल्या एका जुन्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या) पॅरिश कौन्सिलवर आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा रविवारच्या मिस्साला (प्रार्थनाविधीला) सगळे चेहरे ओळखीचे असायचे. आता स्टेशनच्या बाजूला इमारती झाल्या आणि बाहेरचे लोक आले. गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी, आणि गेल्या काही वर्षांत झारखंडचे पुष्कळ. त्या लोकांनी हिंदी आणि इंग्रजी मिस्सा मागितली, तीही रविवारी साडेआठला, म्हणजे आमच्या मराठी मिस्साच्या वेळेला. कौन्सिलच्या बैठकीत आवाज चढले. एक काका उठून म्हणाले, "हे चर्च आमच्या बापजाद्यांनी दगड-चुना वाहून बांधलंय!" फादर नवीन आहेत. त्यांनी तोडगा म्हणून बहुभाषिक मिस्सा ठेवली. आमच्या मुली लाल लुगडी नेसून आल्या, ते लोक त्यांच्या पोशाखात आले, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. बाहेर चहाला मात्र ज्याचं त्याचं वेगळं कोंडाळं. त्यात एका नव्या बाईने माझ्या सासूबाईंची नेहमीची जागा घेतली. त्या दिवसापासून सासूबाई चर्चला यायला तयार नाहीत. सगळ्यांना सामावून घ्यावं हे मला पटतं, पण आमची मराठी जाईल अशी भीतीही वाटते. मी संकुचित आहे का?

एक वाचक, वसई

प्रिय बाय,

तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. संकुचित माणसं असं पत्र लिहीत नाहीत, ती बैठकीत ओरडतात. पण एक सांगते, राग मानू नकोस. तुझं पूर्ण पत्र चार पानांचं आहे (इथे थोडक्यात छापलंय) आणि त्यात 'ते लोक' अकरा वेळा आलंय. मी पेन्सिलने खुणा करत वाचलं. नाव मात्र एकाचंही नाही. सासूबाईंच्या जागेवर बसली त्या बाईचंसुद्धा नाही.

आधी तुझ्या भीतीबद्दल, कारण ती खोटी नाही. मी माहेरची तिकडचीच. बागायती वाड्या गेल्या, बावखलं म्हणजे आपली गोड्या पाण्याची तळी बुजली, विहिरींना खारं पाणी लागलं, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'हरित वसई'च्या पर्यावरण चळवळीसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा आमची अर्धी आळी त्यांच्या मागे होती. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावं तिच्यातून बाहेर राहावीत म्हणून आंदोलनं झाली, ती तुलाही आठवत असतील. इतकं सगळं हातातून गेल्यावर माणूस शेवटी चर्चचं बाक घट्ट धरून बसतो. हे मला समजतं. पण वाडी विकली ती आपल्यातल्याच कुणीतरी, घेतली ती बिल्डरने, आणि आपण शिव्या देतो त्या चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला. त्याने तर आपली वाडी पाहिलेलीसुद्धा नाही.

आता मराठीचं. मी सत्तरीची आहे, म्हणजे लॅटिन मिस्सा मला आठवते. फादर आपल्याकडे पाठ करून उभे, आणि माझी आजी मागे बसून रोझरीचे मणी ओढायची, कारण पुढे काय चाललंय ते तिला कळायचं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात लोकांच्या भाषेला वाट मोकळी करून दिली आणि पुढे हळूहळू आपल्याकडे मराठी आली. तेव्हा आमच्या घरी काय झालं असेल? आजीच रुसली! "देवाच्या घरात बाजारातली भाषा?" म्हणाली. म्हणजे जी मराठी मिस्सा आज आपल्याला बापजाद्यांची वाटते, ती माझ्या वयापेक्षा लहान आहे.

आणि ती भाषा तरी आपली घरची कुठे? तुझ्या सासूबाई घरात कादोडी बोलतात असं तू लिहिलंयस. मिस्सा कादोडीत नसते, पुस्तकी मराठीत असते. वाडवळांची बोली वेगळी, कोळ्यांची वेगळी. सगळ्यांनी रविवारपुरती एक तिसरीच भाषा शिकून घेतली आणि तिला आपली म्हटलं. झारखंडच्या माणसांचं अगदी हेच आहे. तुमच्या कौन्सिलला वाटतंय की हिंदी मिस्सा म्हणजे हिंदीवाल्यांची घुसखोरी. पण गुमला-सिमडेगाकडचा उराँव माणूस घरात कुडुख बोलतो, खडिया माणूस खडिया बोलतो, बाजारात सादरी चालते. हिंदी त्यांनाही शाळेने आणि चर्चने दिलेली. आणखी एक. बैठकीत कुणीतरी त्यांना 'नवख्रिस्ती' म्हणालं असं तू लिहिलंस. फादर कॉन्स्टंट लिव्हन्स हे बेल्जियन येशूसंघीय (जेझुइट) १८८५ मध्ये छोटानागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडात गेले, तेव्हापासून त्यांच्याकडे कॅथलिक घरं आहेत. तुमच्या इमारतीखालचा वॉचमन चौथ्या-पाचव्या पिढीचा ख्रिस्ती असू शकतो. विचारून बघ.

मराठी मिस्सा मात्र हलवू नका. साडेआठची साडेआठलाच राहू दे, आणि हे बैठकीत ठामपणे सांग. सामावून घेणं म्हणजे जुन्या माणसांनी रांगेत मागे जाऊन उभं राहणं नव्हे. मी तुमच्या फादरांच्या जागी असते तर आधी एक साधा प्रश्न विचारला असता: साडेआठ ही वेळ मागितली कुणी? माझा अंदाज, ती फ्लॅटमधल्या इंग्रजीवाल्यांची मागणी आहे. घरकाम करणाऱ्या मुलींना रविवारी सकाळी मालकिणी सोडतच नाहीत. त्यांना सुट्टी मिळाली तर दुपारी तीननंतर, नाहीतर शनिवारी रात्रीची भांडी व्हायच्या आधी तासभर. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारच्या कर्तव्यात धरली जाते, हे तू जाणतेसच. म्हणजे जिच्यावरून आवाज चढले ती वेळ निदान निम्म्या लोकांना नकोच असेल. पण बैठकीत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं, मग सांगणार कोण?

मराठी जाते आहे, हे खरं. पण दार कुठलं ते नीट बघ. तुझी स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात आहेत हे पत्रात नाही, आणि मी विचारत नाही. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये इंग्रजी मिस्सा सुरू झाली तेव्हा पहिल्या महिन्यात ती कुणी भरली? आपल्याच नातवंडांनी. धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी पुस्तक धाडधाड वाचणारी पोरं आता शोधावी लागतात. उलट झारखंडच्या मुलींची शाळा देवनागरीतच झालेली असते, त्यामुळे मराठी गीतांचं पुस्तक हातात दिलं तर त्या वाचतात. 'चांगलं'मधला च आणि 'जग'मधला ज त्यांना जमत नाही, एवढंच. महिनाभर सराव करून घेतलास तर त्यातली एखादी रविवारी पहिलं वाचन मराठीत करील. मागच्या बाकावर कुणीतरी हसेल. हसणाऱ्याकडे वळून बघायचं काम तुझं.

गोव्याच्या लोकांचं वेगळं. त्यांच्या प्रार्थना कोंकणीत असल्या तरी रोमी लिपीत असतात, म्हणून देवनागरी पुस्तक दिलं की ते अडतात आणि आपण म्हणतो, 'तोंड शिवून बसलेत'. प्रतिसादांचा एक साधा कागद दोन्ही लिपींत छापून बाकांवर ठेवा. मल्याळी कुटुंबांपैकी काहींचा विधीच वेगळा आहे. सिरो-मलबार लोकांसाठी कल्याणला १९८८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. ते महिन्यातून एकदा तिकडे गेले तर ते फुटले असं समजू नका. बहुभाषिक मिस्सा वर्षातून एखाद्या सणाला जरूर करा, छान वाटतं. दर महिन्याला नको. पहिलं वाचन तमिळ, स्तोत्र कोंकणी, दुसरं वाचन हिंदी, म्हणजे प्रत्येकाला एक घास आणि सगळे उपाशी.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण तुझ्या पत्रात ती कुठेच नाही.

मी लग्न होऊन मुंबईच्या एका उपनगरात गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. तिथे मराठी मिस्सा एकच, पहाटे सहाची. बाकी सगळ्या इंग्रजीत. मराठी बोलणारे म्हणजे स्वयंपाकाच्या बायका आणि गवंडी, असा तिथला समज. मी शिक्षिका होते, तरी मला वर्षभर कुणी नाव विचारलं नाही. गायकवृंदात गाते म्हणून सांगितलं, तर "कळवू" म्हणाले. कळवलं ते फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) आधी, वडे तळायला. तळले. पाचशेच्या वर असतील. स्टेजवरून आभार मानले तेव्हा 'आवर मराठी लेडीज' म्हणाले. नावं नाहीत. तू पत्रात लिहितेस ना 'ते लोक', तसंच.

सात वर्षं अशी गेली. मग गायकवृंदाची बाई आजारी पडली, आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणीतरी माझ्या हातात ठेवली. पितळेची, सुतळीत ओवलेली, लहानशी. दुसरं कुणी नव्हतं म्हणून दिली, सन्मान वगैरे काही नव्हता. पण त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, "आपल्या चर्चला नवी कुलपं लावायला हवीत." 'आपल्या' म्हणाले ते त्याच्या लक्षात आलं. माझ्या नाही.

म्हणून मी सगळ्यांना हेच विचारते: तुमच्याकडे किल्ल्या कुणाकडे आहेत? अर्पणाचे पैसे मोजायला कोण बसतं? सणाच्या कमिटीत वर्गणी गोळा करणारे कोण आणि ती कुठे खर्चायची ते ठरवणारे कोण? धर्मशिक्षणाच्या वर्गावर कोण? हॉलचं बुकिंग कोण लिहितं? या पाच जागी एकाच आळीची आडनावं असतील, तर तुम्ही लुगडी नेसा की झारखंडचा मांदर ढोल वाजवा, पाहुणे ते पाहुणेच राहणार.

'प्रेषितांची कृत्ये' उघड, सहावा अध्याय. यरुशलेमच्या पहिल्यावहिल्या मंडळीत हेच भांडण झालं. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. भांडण गाण्यांचं नव्हतं, भाकरीचं होतं. प्रेषितांनी काय केलं? चौकशी नेमली नाही, स्नेहभोजन ठेवलं नाही. सात माणसं निवडायला लावली आणि वाटपाचं काम त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं वाच: स्तेफन, फिलिप, निकानोर, तिमोन... सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात कोठाराची किल्ली. माझी खात्री आहे, त्या दिवशीही एखादा काका उठून म्हणाला असेल, की हे आमच्या बापजाद्यांचं आहे.

तुमच्या काकांना गप्प बसवू नकोस, बरं का. त्यांना त्या दगड-चुन्याची गोष्ट सगळ्यांसमोर सांगायला लाव. कुणाच्या बैलगाड्या होत्या, चुना कुठे भाजला, कोण मचाणावरून पडलं. नव्या लोकांना ती कुणी सांगितलेलीच नसते. पण बांधणाऱ्याचं नातवंड म्हणजे मालक नव्हे, हेही सांग. चर्चच्या कायद्यात धर्मग्राम साधारणपणे हद्दीने ठरतो, त्या हद्दीत राहणारे सगळे भाविक त्याचे. काल भाड्याने आलेलासुद्धा. कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं आणि अध्यक्ष फादर असतात. म्हणून निवडणुकीची वाट न बघता फादरांशी बोल: दोन-तीन माणसं त्यांनी थेट घ्यावीत. 'झारखंडचा एक, तमिळ एक' अशी फुलदाणी मात्र नको. जे येतील त्यांना काम द्या, आणि चुकले तर रागवायची मोकळीकही ठेवा. आपल्याला रागवलेलं चालतं तसंच त्यांनाही चालेल, पण आधी आपलं म्हणायला हवं.

दोन कामं मात्र भाषेच्या वादाआधी करा.

एक, दाखले. पोराच्या पहिल्या कम्युनियनला किंवा लग्नाला बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, आणि ऑफिसातून उत्तर मिळतं, "गावाहून घेऊन या." गाव सिमडेग्याच्या पलीकडे. दाखल्यासाठी माणूस सुट्टी टाकून दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करणार? ऑफिसने स्वतः तिकडच्या फादरांना फोन करावा, पत्र लिहावं. दहा मिनिटांचं काम आहे, फक्त कुणाच्या तरी नावावर टाकायला हवं.

दुसरं, मरण. गेल्या पावसाळ्यात माझ्या माहेराजवळ एक वॉचमन वारला. त्याच्या खोलीतली चार पोरं शवपेटी टेम्पोत घालून एका चर्चच्या ऑफिसबाहेर उभी राहिली. आतून प्रश्न आला, "कुटुंबाची कबर आहे का?" झारखंडच्या माणसाची वसईत कुटुंबाची कबर कुठून असणार? मग ट्रस्टींना फोन, मग दुसऱ्या ट्रस्टींना फोन. दोन तास ती पोरं निळ्या प्लास्टिकखाली पेटी धरून उभी होती. घंटा वाजली नाही. आपल्याकडे घंटा वाजली की माणसं हातातलं काम टाकून निघतात, पण घंटा वाजवायला कुणाचं माणूस गेलं ते आधी ठाऊक लागतं. शेवटी जागा मिळाली, कोपऱ्यात, भिंतीलगत. मी पोचले तेव्हा पुरून झालं होतं. त्यातलं एक पोर उरलेली मेणबत्ती पिशवीत ठेवत होतं, पुढच्या वेळेला लागेल म्हणून.

धर्मग्रामाची स्वतःची दफनभूमी असेल तर तिथल्या भाविकांना तिथेच पुरावं, असं कायदाच सांगतो. पण कायदा पावसात कुणी वाचत नाही. तेव्हा आधीच ठरवून ठेवा: कबरीची जागा, खणणारा माणूस, रात्री फोन कुणाला करायचा. तो नंबर हिंदीतही लिहून गेटवर लावा. आणि घंटा सगळ्यांसाठी वाजवा. तुमचं पहिलं बहुभाषिक कार्य तेच असू दे.

यातून सगळे एक होतील अशी आशा मला नाही. काही फ्लॅटवाले मराठी ऐकली की आजही नाक मुरडतात, ते मी मुंबईत भरपूर पाहिलं. आपले काही जण मरेपर्यंत 'ते लोक'च म्हणणार. चहाची कोंडाळीही लगेच मोडणार नाहीत. माणूस आठवडाभर परक्या भाषेत राबल्यावर रविवारी आपल्या भाषेत चार शब्द बोलायला जाणारच, त्यात काही वाईट नाही. कोंडाळी राहू देत. त्यातली एखादी बाई उठून किटली घेऊन सगळीकडे फिरायला लागली की झालं, आणि ती दर वेळी आपलीच असायला नको.

काकांनी पुन्हा 'आपलं आणि परकं' काढलं तर त्यांना संत गोन्सालो गार्सियाची आठवण करून दे. गासच्या चर्चला ज्याचं नाव आहे, ज्याच्या नावाने वसईत कॉलेज आहे, तो आपला वसईचा संत. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला, तिथली भाषा अशी शिकला की फ्रान्सिस्कनांनी त्याला दुभाषी म्हणून सोबत घेतलं, आणि १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीत इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आपण ज्याची मिरवणूक काढतो तो निम्मा बाहेरचा, आणि त्याचं काम काय, तर एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावून सांगणं. काका यावर काय म्हणतात ते मला कळव. मला खरंच उत्सुकता आहे.

राहिला सासूबाईंच्या जागेचा प्रश्न. ती जागा त्यांची. त्या नव्या बाईला मुद्दाम काही करायचं नसणार, तिला कुणी सांगितलंच नसेल की खांबाशेजारच्या त्या बाकावर म्हातारी बसते. आधी तिचं नाव विचार. मग सांग, की तिथे धरून उठायला खांब आहे म्हणून सासूबाईंना ती जागा लागते. बहुतेक ती स्वतःच सरकेल, आणि पुढच्या रविवारी हात देऊन बसवेलही. चर्चमध्ये बाकं कुणाच्या नावावर नसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण ते ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना समजवायला जाऊ नकोस.

तुझी,
मावशी